हाताचा कंप आणि मेंदूतली दोन सर्किटं

लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटेखानी पुस्तक काढलं. आज आपण ज्याला कंपवात किंवा पार्किन्सन्स म्हणतो, त्या आजाराच्या अवघ्या सहा माणसांची हकिगत त्यात होती. त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. सहावे गृहस्थ ७२ वर्षांचे होते. कंप आधी त्यांच्या डाव्या हातात आला, तीनेक वर्षांनी उजव्या हातात आणि मग सगळ्या अंगात पसरला. एका रात्री त्यांना जाग आली तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली होती आणि चेहरा डावीकडे ओढला गेला होता. पुढच्या दिवसांतली एक गोष्ट पार्किन्सन यांनी टिपून ठेवली. लुळा हात आणि लुळा पाय अजिबात थरथरत नव्हते. हळूहळू त्यांत ताकद आली आणि ताकदीबरोबर कंपही परत आला.

अर्धांगवायूच्या गडबडीत असली बारीक गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसती. पार्किन्सन यांनी ती नोंदवली, हे त्यांचं मोठेपण. ताकद जाते तेव्हा कंपही जातो, याचा अर्थ कंप स्नायूंत तयार होत नाही. आपण मनात आणून हात हलवतो तेव्हा मेंदूकडून हुकूम ज्या वाटेने खाली येतो, त्याच वाटेने कंपही उतरतो. पण तो निघतो कुठून? पार्किन्सन यांचा संशय मानेतल्या मज्जारज्जूवर होता. तो चुकीचा ठरला. पुढच्या दोनशे वर्षांत संशयाची सुई मेंदूतल्या निरनिराळ्या जागांवर फिरत राहिली, आणि गेल्या तीसेक वर्षांतल्या संशोधनाने प्रश्नाची मांडणीच बदलली. कंपाचं एकच एक उगमस्थान नाही. मेंदूतली दोन सर्किटं एकमेकांत अडकतात आणि त्या अडकण्यातून कंप उभा राहतो.

हा कंप ओळखायचा असेल तर हात काही काम करत नसताना बघावा लागतो. माणूस खुर्चीत टेकून बसलेला आहे, हात मांडीवर सैल पडलेले आहेत. थोड्या वेळाने एका हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागतात. डॉक्टर याला गोळी वळण्याचा कंप म्हणतात. त्याचा वेग ठरलेला असतो, सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकावे. समोरचा कप घ्यायला हात पुढे गेला की कंप थांबतो. कप तसाच धरून ठेवला की काही सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. पेपर किंवा मोबाइल हातात धरून वाचताना अनेकांना त्रास होतो तो याचाच. झोपेत कंप नाहीसा होतो. आणि डॉक्टरांनी म्हटलं, "शंभरातून सात वजा करत जा, मोठ्याने सांगा," की ९३, ८६, ७९ असं म्हणता म्हणता मांडीवरचा हात जोरात हलायला लागतो. शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणते, "बाबा, हात जरा स्थिर ठेवा ना." बाबा तोच प्रयत्न करत असतात, आणि त्या प्रयत्नाने कंप आणखी वाढत असतो.

कामाच्या वेळी थरथरणारा हात मात्र बहुतेक वेळा वेगळ्या विकाराचा असतो. चहाचा कप ओठांपर्यंत नेताना सांडतो, सही वेडीवाकडी होते, पण हात टेकवला की शांत, असं असेल तर डॉक्टर आधी इसेन्शियल ट्रेमरचा विचार करतात. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. म्हणून हात थरथरला की कंपवात, असं घरच्या घरी ठरवून टाकू नये.

कंपवाताच्या कंपातली आणखी एक खूण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच माणसाचा हात आणि पाय दोन्ही थरथरत असतील, तर दोघांचा वेग जवळपास सारखा असतो, पण ते एकमेकांच्या ठेक्यात नसतात. एकाच हातातले स्नायू ठेका सांभाळतात. हात आणि पाय मात्र आपापल्या तालात चालतात. मेंदूत एकच केंद्र साऱ्या अंगाला ताल देत असतं तर असं झालं नसतं. हाताचं सर्किट वेगळं, पायाचं वेगळं, आणि दोन्हींत बिघाड एकाच जातीचा.

बिघाडाचं मूळ शोधताना पहिलं मोठं यश मिळालं ते डोपामिनच्या रूपात. कंपवाताच्या रुग्णांत मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळपट पट्ट्यातल्या पेशी मरतात, हे पॅरिसमध्ये काम करणाऱ्या कॉन्स्टँटिन ट्रेटियाकॉफ यांनी १९१९ साली दाखवलं. या पेशी डोपामिन तयार करतात. ते मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशीसमूहांना मिळेनासं होतं, हे व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी १९६० मध्ये सिद्ध केलं. डोपामिन बनवायला लागणारा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा, तोंडाने मोठ्या प्रमाणात देऊन रुग्ण उठून चालू लागतात, हे जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली अमेरिकेत दाखवलं. हाच लेव्होडोपा आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांत असल्याचं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच नोंदवलं होतं, आणि कंपवातावर या बिया वापरण्याची आयुर्वेदातली परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. तरी बाजारातलं चूर्ण आणून आपल्या मनाने घेणं धोक्याचं आहे. त्यातलं लेव्होडोपाचं प्रमाण दर पुडीत बदलू शकतं आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडते.

लेव्होडोपाने लाखो माणसांचं आयुष्य सावरलं. पण कंपाने मात्र डॉक्टरांना कोड्यात टाकलं.

डोपामिन जितकं कमी, तितक्या हालचाली मंद आणि स्नायू ताठ, असा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. डोपामिनच्या टोकांचं चित्र देणारं स्कॅन आणि रुग्णाचा मंदपणा यांचा मेळ बसतो. कंपाचा मेळ बसत नाही. स्कॅनवर जास्त नुकसान दिसणाऱ्या माणसाला कंप नसू शकतो आणि कमी नुकसान असणाऱ्याचा हात जोराने हलत असतो. साधारण दहातल्या सात रुग्णांना कंप येतो, उरलेल्यांना येतच नाही. कंप नसलेले रुग्णही असतात, हे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं. गोळ्यांचंही तसंच. मंदपणा आणि ताठरपणा औषधाने उतरतो आणि त्याच माणसाचा कंप जागचा हलत नाही, असं कितीतरी जणांच्या बाबतीत होतं. घरच्यांना मात्र डोळ्यांना दिसतो तो कंप. तो कमी तर आजार कमी, वाढला तर आजार बळावला, असं त्यांना वाटतं. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो रुग्णाच्या मनावर विनाकारण ओझं टाकतो. ज्यांच्यात कंप हेच मुख्य लक्षण असतं, त्यांचा आजार पुष्कळदा तुलनेने सावकाश पुढे सरकतो.

दुसरा धागा शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाती लागला, तोही अपघाताने. १९५२ साली न्यूयॉर्कमधले सर्जन अर्व्हिंग कूपर कंपवाताच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करत असताना एक छोटी धमनी फाटली. रक्तस्राव थांबवण्यासाठी त्यांनी ती बांधून टाकली आणि ठरवलेली शस्त्रक्रिया अर्धवट सोडली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा कंप गेलेला होता आणि हातापायांतली ताकद शाबूत होती. ती धमनी बेसल गँग्लियातल्या पॅलिडम या भागाला रक्त पुरवते. कूपर यांनी मग तो भाग आणि पुढे त्याच्या जवळचा थॅलॅमस मुद्दाम निकामी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मार्गारेट बर्क-व्हाइट या छायाचित्रकार त्यांच्या रुग्ण होत्या. १९४६ मध्ये पुण्यात चरख्याशेजारी वाचत बसलेल्या गांधीजींचं जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांनीच काढलं होतं. पुढच्या दशकात त्यांना कंपवाताने गाठलं. १९५९ मध्ये कूपर यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि आजार लपवण्याच्या त्या काळात आपल्या आजाराची आणि शस्त्रक्रियेची कहाणी 'लाइफ' साप्ताहिकात सचित्र छापून येऊ देण्याचं धाडस त्यांनी दाखवलं.

शस्त्रक्रियांच्या अनुभवातून एक जागा सगळ्यांत परिणामकारक ठरली. थॅलॅमसमधला वाटाण्याहूनही लहान भाग, ज्याला डॉक्टर 'व्हिम' म्हणतात. पॅरिसमध्ये डेनिझ आल्ब-फेसार आणि जेरार्ड गियो यांनी १९६०च्या दशकात जाग्या रुग्णाच्या थॅलॅमसमध्ये केसासारखी बारीक सुई उतरवून पेशींचे विद्युत्संदेश नोंदवले. ध्वनिवर्धकातून तडतड ऐकू येत होती, तुटक तुटक झुबक्यांत, आणि प्रत्येक झुबका हाताच्या हेलकाव्याशी मिळून येत होता. १९८७ मध्ये फ्रान्समधल्याच ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद यांनी व्हिम जाळण्याऐवजी तिथे सेकंदाला शंभराहून जास्त वेगाने विजेचे सूक्ष्म झटके देऊन पाहिले. कंप थांबला, झटके बंद करताच परत आला. आजची डीप ब्रेन स्टिम्युलेशनची पद्धत त्यातून वाढली.

इथे खरी मेख आहे. व्हिम ही जागा कंपवातात बिघडलेली नसते. तिथल्या पेशी मरत नाहीत. शिवाय तिला मुख्य जोडणी येते ती बेसल गँग्लियाकडून नव्हे, तर कवटीच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूकडून. लहान मेंदू हालचालींचा तोल आणि वेळ सांभाळतो. त्याचे संदेश व्हिममधून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचाल-पट्ट्याकडे जातात, आणि तिथून फिरून लहान मेंदूकडे येतात. हे एक बंद सर्किट झालं. बेसल गँग्लियाचं सर्किट वेगळं, तेही त्याच हालचाल-पट्ट्याशी येऊन मिळतं. मग डोपामिनची टंचाई एका सर्किटात आणि कंप थांबवणारी जागा दुसऱ्या सर्किटात, हे कसं?

उत्तर मिळायला मेंदूच्या भागांतली जोडणी जिवंत माणसात मोजता येणं गरजेचं होतं. १९९५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शिकणाऱ्या, भारतीय वंशाच्या भरत बिस्वाल यांनी एक साधी वाटणारी गोष्ट पाहिली. एमआरआय यंत्रात माणूस काहीही न करता पडून असतानाही हालचालीशी संबंधित डाव्या आणि उजव्या भागांतल्या रक्तपुरवठ्याचे चढउतार एकमेकांबरोबर होत होते. दूरदूरच्या भागांतली क्रिया अशी एकत्र वरखाली होत असेल तर ते भाग एकमेकांशी कामाने जोडलेले मानायचे, ही 'कनेक्टिव्हिटी'ची कल्पना त्यानंतर मेंदूसंशोधनात सर्वत्र पसरली.

कंपासाठी मात्र एमआरआयला एक अडचण होती. तो रक्तातल्या प्राणवायूवरून पेशींच्या कामाचा अंदाज घेतो आणि त्याला काही सेकंद लागतात. सेकंदाला पाच हेलकावे त्याच्या पकडीत येणार कसे? जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये वेगळं यंत्र वापरलं. मेंदूतल्या विजेमुळे निर्माण होणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजणारं हे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे बदल टिपतं. त्यांना हालचाल-पट्टा, त्याच्या पुढचे नियोजनाचे भाग, थॅलॅमसच्या आसपासचा खोल भाग आणि लहान मेंदू हे सगळे हाताच्या कंपाच्या तालात आणि त्याच्या दुप्पट वेगातही एकमेकांशी जुळलेले दिसले.

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे रिक हेल्मिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयच्या संथपणातूनच वाट काढली. कंप सतत एकसारखा नसतो. तो सुरू होतो, वाढतो, ओसरतो, थांबतो, पुन्हा येतो. हे चढउतार सेकंदांच्या मापाचे असतात आणि एमआरआयला ते सहज दिसतात. रुग्णाच्या हाताला स्नायूंची वीज मोजणारे इलेक्ट्रोड लावून त्याला यंत्रात झोपवलं आणि कंपाचा आलेख मेंदूच्या चित्रांशी ताडून पाहिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन प्रश्न वेगळे काढले होते. कंप सुरू किंवा बंद होतो त्या क्षणी मेंदूत काय बदलतं? आणि कंप चालू असताना त्याच्या कमीजास्त जोराबरोबर काय बदलतं? दोन्हींची उत्तरं वेगळी आली. सुरू-बंद होण्याच्या क्षणी बेसल गँग्लियात, विशेषतः पॅलिडममध्ये, हालचाल दिसली. जोराबरोबर वरखाली होत होतं ते लहान मेंदू, व्हिम आणि हालचाल-पट्ट्याचं सर्किट.

पंख्याचं बटण भिंतीवर वेगळं असतं आणि रेग्युलेटर वेगळा. बटण दाबल्याशिवाय रेग्युलेटरचा उपयोग नाही आणि रेग्युलेटर शून्यावर असेल तर बटण दाबूनही पाती हलत नाहीत. कंपाचं बटण बेसल गँग्लियात आहे, रेग्युलेटर लहान मेंदूच्या सर्किटात. दोन्ही सर्किटं हालचाल-पट्ट्यात एकमेकांना भेटतात, तिथून बटणाचा परिणाम रेग्युलेटरपर्यंत पोचतो. कूपर यांच्या हातून बटणाजवळची धमनी बांधली गेली होती आणि बेनाबिद यांनी रेग्युलेटरला हात घातला. कंप दोन्हीकडे थांबला.

त्याच अभ्यासात जुन्या कोड्याचाही एक तुकडा सुटला. कंपाची तीव्रता मंदपणाशी संबंधित भागातल्या डोपामिनशी जुळत नव्हती, पण पॅलिडममधल्या डोपामिनच्या घटीशी जुळत होती. पॅलिडमला डोपामिन पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूत थोड्या वेगळ्या जागी असतात. एकाच आजारात एका माणसाच्या या पेशी जास्त मरतात, दुसऱ्याच्या त्या. म्हणून एकाचा हात हलतो आणि दुसऱ्याची पावलं अडखळतात.

औषधाला न जुमानणाऱ्या कंपाचाही शोध याच गटाने घेतला. डोपामिनचा परिणाम फक्त बेसल गँग्लियावर होत नाही, तो थॅलॅमसपर्यंतही पोचतो आणि तिथल्या पेशींना आवरतो. ज्यांचा कंप गोळीने उतरतो त्यांच्यात हे आवरणं नीट होतं. ज्यांचा उतरत नाही त्यांच्यात थॅलॅमसवर लहान मेंदूचा जोर जास्त असतो, आणि त्वचा-स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनांचा प्रभाव कमी. अशा रुग्णाला गोळी वाढवत नेऊन अंग वेडंवाकडं हलण्याचा दुष्परिणाम ओढवून घेण्यापेक्षा रेग्युलेटरच्या जागी इलाज करणं शहाणपणाचं ठरू शकतं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन मुंबईसह आपल्या मोठ्या शहरांत होतं. कवटी न उघडता ध्वनिलहरींच्या एकवटलेल्या उष्णतेने व्हिमचा कण जाळण्याच्या पद्धतीलाही अमेरिकेत कंपवाताच्या कंपासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. कंपाला आटोक्यात ठेवणाऱ्या अशा इलाजांनी आजाराचं पुढे सरकणं मात्र थांबत नाही, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

आता ते शंभरातून सात. कंपवाताची माणसं लग्नकार्यात जायचं टाळतात, बँकेत सही करायची वेळ आली की घामाघूम होतात, चारचौघांत हात खिशात किंवा पदराखाली दडवतात. घरी ठीक असलेला कंप लोकांसमोर उसळतो. आजूबाजूचे म्हणतात, "उगाच घाबरता हो तुम्ही, मन घट्ट करा." हे मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही, हे नायमेखनच्या गटाने २०२० मध्ये मेंदूच्या चित्रांतून दाखवलं. रुग्ण यंत्रात हिशेब करत असताना त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, कंप वाढला, आणि लक्ष एकवटण्याचं काम करणाऱ्या भागांतून थॅलॅमसवरचा उत्तेजक प्रभाव वाढलेला दिसला. ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला लोकस सेरुलियस नावाचा छोटा पेशीसमूह नॉरअॅड्रिनॅलिन सोडतो. धोक्याच्या वेळी सगळ्यांच्याच मेंदूत हे होतं. कंपवात असलेल्या माणसात मात्र त्याने रेग्युलेटर वर सरकतो. म्हणून "हात स्थिर ठेवा" या सूचनेने कंप वाढतो. त्याऐवजी घाई न करणं, सहीला वेळ देणं, हाताकडे टक लावून न बघणं, एवढं घरच्यांनी केलं तरी त्या माणसाचं बाहेर पडणं पुष्कळ सोपं होतं. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ गेली कित्येक वर्षं रुग्णांना एकत्र आणतं, आणि सगळ्यांचेच हात थरथरतात अशा खोलीत हात लपवायची गरज उरत नाही.

सर्किटाच्या या समजुतीतून इलाजाचे नवे प्रयत्नही निघाले आहेत. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये डोक्याला बाहेरूनच लावलेल्या इलेक्ट्रोडमधून हालचाल-पट्ट्याला कंपाच्याच वेगाचा सौम्य विद्युत्प्रवाह दिला. प्रवाहाची लाट कंपाच्या लाटेच्या नेमक्या योग्य टप्प्यावर पडेल अशी वेळ साधली तेव्हा कंप सरासरी निम्म्याच्या आसपास कमी झाला. टप्पा चुकला तर कंपाला जोरही येऊ शकतो. नॉरअॅड्रिनॅलिनचा मार्ग रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं आणि स्वस्त औषधही नायमेखनमध्ये यंत्रात झोपलेल्या रुग्णांवर तपासलं गेलं. त्याने कंप कमी झाला आणि हालचाल-पट्ट्यातली कंपाशी जोडलेली क्रियाही मंदावली. दमा असलेल्यांना ते चालत नाही, नाडी मंद असणाऱ्यांनाही जपून द्यावं लागतं, उतारवयात उठताना चक्कर येऊ शकते. तेव्हा ते घ्यायचं की नाही हे मेंदूविकारतज्ज्ञानेच ठरवायचं. पण ज्यांचा कंप लोकांसमोर, बोलताना, घाईत वाढतो आणि लेव्होडोपाने पुरेसा उतरत नाही, त्यांनी हे नेमक्या याच शब्दांत डॉक्टरांना सांगावं. कंप कधी येतो, कशाने वाढतो, गोळी घेतल्यावर किती वेळाने किती उतरतो, याची आठवडाभराची नोंद तपासणीच्या पाच मिनिटांत डॉक्टरांना स्कॅनपेक्षाही जास्त उपयोगी पडते.